लसीसाठी लावलेली ओळख

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या अखेरीस, माझ्या दाजींनी आमच्या शहरातल्या एका रुग्णालयात ओळख लावली. माझ्या मोठ्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग होता. तो उपचारांनी गेला होता, परत आला होता आणि पुन्हा दबला होता. त्याचं पुढचं परतणं लांबावं म्हणून एक लस तपासली जात होती, आणि त्या चाचणीत ताईनं नाव दिलं होतं. काही बायकांना लस मिळणार होती, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली सुई. कुणाला काय मिळतंय हे त्या बाईला कळणार नव्हतं, तिच्या घरच्यांना नव्हतं आणि सुई देणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. दाजींनी ओळख लावली ती ताईला खरी मिळावी म्हणून.

त्यामुळे तिची दुसरी सुई थांबली, आणि तिला चाचणीत ठेवायचं की काढायचं हा प्रश्न रुग्णालयाच्या समितीपुढं गेला.

दाजी बिडकीनकडचे, शेतकरी घरातले. औद्योगिक वसाहतीसाठी त्यांच्या भावकीची बरीचशी जमीन गेली. त्यांच्या वाट्याला दोन विहिरींची पट्टी तेवढी राहिली. ते आणि ताई शहरात, गारखेड्यात राहायला आले. त्या वर्षांत शहर बीड बायपास ओलांडून पलीकडं पसरत होतं. रो-हाउस उभे राहत, गृहप्रवेश होत, मंडप निघत, आणि मग लोकांच्या लक्षात येई की नळाला जोडायला पाइपलाइनच नाही. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, दाजींच्या टिकल्या. त्यांनी दोन टँकर घेतले. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन दिवसभर वाजायला लागला, आणि तो ताईनं स्वतःकडं घेतला.

ताईची पद्धत साधी होती. ज्याचा फोन आधी, त्याचा टँकर आधी. घर कुणाचं, हे ती विचारायची नाही, गल्ली विचारायची. एकदा दाजींच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडं लग्न होतं आणि दाजींनी ड्रायव्हरला परस्पर तिकडं वळवलं. ताईनं ड्रायव्हरला फोन करून टँकर अर्ध्या रस्त्यातून माघारी बोलावला. लग्नघरी टँकर दुपारी पोहोचला. त्यांच्याकडं लग्न आहे म्हणून बाकीच्यांच्या घरी तहान लागायची थांबते का, असं ती दाजींना म्हणाली. दाजींनी आठ दिवस ते गिऱ्हाईक कसं गेलं याचा हिशेब ऐकवला. गिऱ्हाईक गेलं नव्हतं. दुसरीकडं टँकर मिळत नव्हता.

दाजींच्या दृष्टीनं ओळख लावणं यात चोरी नव्हती. विजेची डीपी जळाली की ओळख लागत होती, गाडीचे कागद अडले की लागत होती. ताईच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी खाट मिळत नव्हती, ती एका ओळखीनं मिळाली. माणूस आजारी असताना घरच्यानं गप्प बसणं, ही त्यांना हलगर्जी वाटायची.

आजार त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाला होता. ताईचं पोट फुगायला लागलं. त्याला आधी गॅस म्हटलं गेलं, मग वय म्हटलं गेलं, मग टँकरच्या धावपळीत जेवायची वेळ चुकते असं म्हटलं गेलं. ती पन्नाशीलाही आली नव्हती. साडीच्या निऱ्या पोटावर बसेनात तेव्हा सोनोग्राफी झाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले ते आले. बोटांच्या टोकांची जाणीव गेली ती पूर्ण आली नाही. भाकरी थापताना पीठ हाताला लागतच नाही, असं ती सांगायची. फोनची बटणं ती बघून दाबायला लागली.

वर्ष व्हायच्या आत रक्ताच्या तपासणीतला आकडा चढला. स्कॅनमध्ये पोटात ठिपके दिसले. दुसरी केमो हिवाळाभर चालली आणि एप्रिलच्या स्कॅनमध्ये ठिपके दिसले नाहीत. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होतो. त्या दिवसांत आमच्या पानांवर धरणातला मृतसाठा, चारा छावण्या आणि नव्या लेआउटच्या जाहिराती एकमेकांना लागून छापल्या जात होत्या. ताई बरी झाली असं मी घरी फोनवर सांगितलं. संध्याकाळी तिनं ते दुरुस्त केलं. डॉक्टर बरी झाली असं म्हणालेले नाहीत, आता दिसत नाही असं म्हणालेत, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

चाचणीबद्दल डॉक्टरांनी मेच्या सुरुवातीला सांगितलं. हा रोग असा दोनदा आला की बहुधा तिसऱ्यांदा येतो, प्रश्न कधी येतो हा असतो. शरीराच्या स्वतःच्या बचावाला त्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि ते ‘कधी’ पुढं ढकलता येतं का बघायचं, असा या लसीचा हेतू. ती चालते का, असं मी विचारलं. ते माहीत असतं तर चाचणी केली नसती, असं ते म्हणाले. दाजींनी हे उत्तर मनावर घेतलं नाही. परदेशातून आलेलं औषध आहे आणि फुकट आहे, एवढं त्यांनी घेतलं.

संमती कॅमेऱ्यासमोर घेतली गेली. चाचणीत येणाऱ्या बाईला सगळं समजलंय आणि तिला कुणी भरीस पाडलेलं नाही, हे दिसावं म्हणून तिथं तशी पद्धत होती. छोट्या खोलीत डॉक्टर, चाचणीचं काम बघणाऱ्या समन्वयक बाई, ताई, दाजी आणि मी. डॉक्टरांनी ताईला विचारलं की या चाचणीत काय होणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. दाजींनी सांगायला सुरुवात केली. समन्वयक बाईंनी त्यांना थांबवलं. पुन्हा प्रश्न झाला, पुन्हा दाजी.

“ती व्हय म्हणती, घ्या लिहून,” ते म्हणाले. “घरात बी हेच ठरलंय.”

समन्वयक बाईंनी कॅमेरा बंद केला आणि हे चित्रण वापरता येणार नाही असं सांगितलं. दाजींना राग आला नाही, त्यांना कळलंच नाही. दवाखान्यात बायकोच्या वतीनं बोलणं हे ते तीस वर्षं करत आले होते आणि आजवर कुणी त्याला हरकत घेतली नव्हती. ताईनं त्यांच्याकडं बघितलं.

“तुम्ही जरा भायेर बसा.”

“म्हंजी?”

“म्हंजी भायेर. बाकडं हाय तिथं.”

दाजी बाहेर गेले. मीही निघालो, तर तिनं मला थांबवलं. तू गप्प बसतोस, तू बस, म्हणाली. कॅमेरा सुरू झाला. ताईनं पदर सारखा केला आणि आवाज थोडा चढवून बोलली, जशी लांबच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाशी बोलायची.

“मला लस मिळंल नायतर नुसतीच सुई मिळंल. कोणती ते मला कळणार नाय, तुम्हाला बी नाय. मला वाटलं तवा मी सोडू शकते. सोडलं तरी माझा इलाज तुम्ही बंद करणार नाय. बरोबर?”

बरोबर, असं डॉक्टर म्हणाले. मग तुम्ही यात का येताय, असा शेवटचा प्रश्न होता.

“दोनदा आला तो मला विचारून आला नाय,” ताई म्हणाली. “आता तिसऱ्यांदा येताना त्याला जरा आडवं लावून बघते.”

तिनं सही केली. पेन धरताना बोटं घसरत होती म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं.

पहिली सुई दंडात दिली गेली. तासभर तिथंच बसवून ठेवलं, काही त्रास होतो का बघायला. दोन दिवसांनी त्या जागी गाठ आली, लाल आणि गरम. दाजींनी ती दाबून बघितली आणि खरी लागली असं जाहीर केलं. त्यांची चुलती बिडकीनहून बघायला आली, तिनंही दाबली आणि सुजलं म्हणजे गुण आला असं सांगितलं. शेजारच्या बाईंचं मत वेगळं होतं. खरी असती तर तापही आला असता. दंड बघायला माणसं येऊ लागली. गाठ दोन्हीकडं येऊ शकते हे समन्वयक बाईंनी आधीच सांगितलं होतं, कारण लस ज्या तेलकट द्रवात कालवतात तो दोन्ही सुयांमध्ये सारखाच होता. ताईनं हे चुलतसासूला समजावून सांगितलं. तिला पटलं नाही.

“सुई टोचली की सुजतंच, आत्याबाई,” ताई म्हणाली. “तुम्हाला टोचून दाखवू का?”

पण त्याच आठवड्यात गाठ ओसरली, आणि दाजींना ती फार लवकर ओसरल्यासारखी वाटली. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक त्या रुग्णालयाच्या कार्यालयात अधिकारी होतं. दाजींनी त्यांना फोन केला. आमच्या घरच्यांना पुढची तरी खरी टाका, एवढंच ते बोलले, असं त्यांनी नंतर सांगितलं. अधिकारी बघतो म्हणाले. त्यांनी समन्वयक बाईंना फोन केला, त्या नावापुढं काय आहे ते बघून घ्या, म्हणाले. बाईंनी सांगितलं की ते मलाही दिसत नाही, आणि असा फोन आला की मला तो कळवावा लागतो. त्यांनी तो कळवला.

समन्वयक बाईंचा फोन आला तेव्हा ताई टँकरचे फोन घेत होती. मी तिथं होतो. तिनं सगळं ऐकलं, हां हां म्हणाली, तुमच्यावर काही बालंट येणार नाही ना असं त्यांना विचारलं आणि फोन ठेवला. मग लगेच दुसरा वाजला, बायपासपलीकडच्या सातारा परिसरातल्या कुणाचा तरी, तो घेतला, गल्ली विचारली. दाजी जेवायला आले तोवर ती टँकरचे फोनच घेत राहिली. ताट वाढून झाल्यावर विचारलं, कुणाला फोन केला होता.

दाजींनी लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही दिसतच नव्हतं.

“तुझ्यासाठीच केला ना.”

“माझ्यासाठी केला तर मला काहून नाय इचारलं?”

“इचारलं असतं तर नको म्हणली असतीस.”

“मग कळतंय तुम्हाला.”

दाजींनी भाकरी मोडली. मग पहिल्या ऑपरेशनच्या खाटेचा विषय काढला. ती कशानं मिळाली, ओळखीनंच ना, तेव्हा कशी नाही बोललीस, असं ते म्हणाले. माझ्याकडंही बघितलं, कारण त्या वेळी त्यांच्याबरोबर मीही धावपळ केली होती.

“तवा पोट फुटायला आलं व्हतं,” ताई म्हणाली. “बोलायला दम नव्हता. आता हाय.”

जेवण झाल्यावर दाजींनी मला बाहेर रस्त्यावर गाठलं आणि विचारलं की पाव्हनं, समिती म्हणजे कोण कोण असतं. त्यात कुणी आपल्या माहितीतलं निघेल का, असं त्यांना म्हणायचं होतं. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. चाचणीतल्या बाईनं तिथं जायची रीत नव्हती; कागदावर निर्णय होत असे. ताईनं समन्वयक बाईंना सांगितलं की माझं नाव निघणार असेल तर माझं म्हणणं ऐकून काढा. दोन दिवसांनी तिला या म्हणून निरोप आला.

त्या दिवशी दाजी पैठणच्या बाजूला गेले होते, गाडी त्यांच्याकडं होती. रिक्षानं जाऊ असं मी म्हणालो. टँकर जालना रोडकडं निघालेला होता, ताई त्याच्या केबिनमध्ये चढली. मी तिच्या मागून चढलो. ड्रायव्हरनं सीटवर टॉवेल अंथरला. ऊन फार होतं, खिडकीची काच खाली जात नव्हती आणि मागच्या टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळलं की अख्खी गाडी एका अंगाला झुकत होती. ताईनं डोक्याला रुमाल बांधला होता. केस बोटभर आले होते, पण तिला कुणी दया करावी असं तिला वाटत नव्हतं, म्हणून बाहेर पडताना ती ते झाकायची. टँकर रुग्णालयाच्या फाटकात उभा राहिला तेव्हा पहारेकऱ्यानं पाणी मागवलं नाही म्हणून सांगितलं. पाणी नाही, पेशंट आहे, असं ड्रायव्हर म्हणाला.

समितीत डॉक्टर होते, एक वकील होते, एक निवृत्त प्राध्यापक होते आणि एक समाजसेविका. ताईला खुर्ची दिली. वकिलांनी विचारलं की तुमच्या घरून असा फोन झाला हे खरं आहे का. खरं आहे, असं ती म्हणाली. तुम्हाला माहीत होतं का. नव्हतं. तुमच्या सुईत काय आहे हे तुम्हाला किंवा तुमच्या पतींना कुणी सांगितलं का. नाही, आणि ते सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही तर सांगेल काय, असं ती म्हणाली. वकील थोडे हसले. मग समाजसेविकेनं विचारलं की तुम्हाला स्वतःला खरी लस मिळावी असं वाटत नाही का.

“वाटतं. कुणाला नाय वाटणार?” ताई म्हणाली. “पण मला ठरवून खरी दिली, तर ती चालती का नाय हे तुम्हाला कळणार कसं? मग ते सगळं कशापायी? मी सुई टोचून घ्यायला आलेली नाय. तपासाला आले. फोन माझ्या घरातनं झाला, तो मला कबूल नाय. तेवढ्यासाठी माझं नाव काढाल तर फोन करणाऱ्याचं ऐकलं असं हुईल. फक्त उलटं ऐकलं.”

बाहेर बसायला सांगितलं गेलं. अर्ध्या तासानं समन्वयक बाई आल्या. नाव राहणार होतं. गुप्तता मोडलेली नाही, असं समितीचं मत पडलं होतं. अट एकच होती: यापुढं चाचणीबद्दल रुग्णालयाशी फक्त ताई बोलेल, घरचं दुसरं कुणी नाही. ताईनं विचारलं की हे आमच्या मालकांना तुम्ही सांगाल का मी सांगू. बाई म्हणाल्या तुम्हीच सांगा. ताईनं सांगितलं. दाजी पुढं प्रत्येक तारखेला तिला गाडीनं सोडायला आले आणि खाली पार्किंगमध्ये बसून राहिले.

दुसरी सुई जूनमध्ये झाली. त्या वर्षी पाऊस बरा झाला. सप्टेंबरपर्यंत टँकरचे फोन बंद झाले आणि दोन्ही टँकर विहिरीशेजारी उभे राहिले. सुया महिन्याच्या अंतरानं, मग तीन महिन्यांच्या अंतरानं सुरू राहिल्या. दर वेळी रक्त, ठरल्या वेळी स्कॅन. आकडा खाली होता. सुईनंतरचा तास ज्या खोलीत काढायचा तिथं चाचणीतल्या दुसऱ्या बायका भेटायच्या. आपापसात तुलना करू नका असं सांगितलेलं होतं. त्या करायच्या. जालन्याकडची एक बाई ताईपेक्षा लहान होती. ती आपल्या दंडावरची गाठ पेननं आखून घ्यायची, उद्या वाढली का बघायला. हिवाळ्यात ती दिसेनाशी झाली. ताईनं समन्वयक बाईंना विचारलं. मला सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. ताईनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी सुईनंतरचा पूर्ण तास ती उभी राहिली, बसली नाही.

त्या काळात भेटायला येणारे लोक आवाज बारीक करून बोलायचे. तिला ते सहन होत नसे. मी मेलेली नाही, जरा मोठ्यानं बोला, असं ती तोंडावर सांगायची. एका नातेवाइकांनी एका बाबांचा अंगारा आणून दिला. लसीबरोबर दुसरं काही चालत नाही असं सांगून तिनं तो परत केला. ते खोटं होतं. माझ्या माहितीप्रमाणं या सगळ्या प्रकरणात ती तेवढं एकच खोटं बोलली.

आमच्या वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीसाठी या चाचणीवर लिहावं, असं माझ्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. ताईला विचारलं. लिही, पण नाव नको, आणि ‘झुंज’ हा शब्द घालू नकोस, असं ती म्हणाली. कारण विचारलं तर झुंजणाऱ्याला समोरचा दिसतो, मला काय दिसतंय, असं म्हणाली. ती बातमी तेव्हा झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आकडा चढला. स्कॅनमध्ये यकृताच्या कडेला आणि पोटाच्या पडद्यावर ठिपके दिसले. चाचणीचा नियम असा होता की रोग वाढलेला दिसला की सुया बंद. डॉक्टरांनी ताईला एकटीला आत बोलावून सांगितलं. नंतर तिनं आम्हाला वर बोलावलं. दाजींनी डॉक्टरांना विचारलं की आता तर ती बाहेरच झाली, आता तरी सांगा काय होतं. सगळ्या बायकांचं पूर्ण होईपर्यंत सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दाजी खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

ताईनं एकच विचारलं.

“मी निघाले म्हणून माझं काढून टाकणार नाय ना? हे मधले महिने मोजणार ना तुम्ही?”

मोजणार, असं डॉक्टर म्हणाले.

तिसरी केमो सुरू झाली. केस पुन्हा गेले. या वेळी तिनं रुमाल बांधला नाही. गारखेड्यातल्या भाजीबाजारात ती तशीच जायची, आणि बघणाऱ्याकडं तो नजर काढेपर्यंत बघत राहायची. ठिपके लहान झाले, गेले नाहीत. औषध बदललं, मग तेही बदललं. यात दोन वर्षं गेली. त्यातल्या दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. बायपासपलीकडच्या वसाहती तोवर दुप्पट झाल्या होत्या आणि टँकर पुन्हा रस्त्यावर आले. फोन दाजी घ्यायला लागले होते. कोणत्या गल्लीला आधी पाठवायचं यावरून ताई आतल्या खोलीतून त्यांना सुनवायची.

त्या उन्हाळ्यात रुग्णालयातून बोलावणं आलं. चाचणी संपली होती. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी आधी एकूण निकाल सांगितला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये रोग परतायला लागलेल्या वेळेत म्हणावा असा फरक दिसला नाही. मग ते म्हणाले की आता ज्या बाईला हवं असेल तिला तिचं स्वतःचं सांगता येईल.

दाजी खुर्चीवर पुढं सरकले. ताईनं त्यांना आणि मला बाहेर जायला सांगितलं.

दार बंद झालं. फार वेळ लागला नाही. ती बाहेर आली, चपला घातल्या, जिन्याकडं चालायला लागली. दाजींनी विचारलं, कळलं का. कळलं, ती म्हणाली. मग काय होतं, असं त्यांनी विचारलं. मला कळलं, बास झालं, असं ती म्हणाली आणि कठडा धरून उतरायला लागली. दाजी गाडी आणायला पुढं गेले. फाटकाजवळच्या लिंबाखाली आम्ही दोघं उभे होतो. मी विचारलं नव्हतं. तिनं आपण होऊन सांगितलं, काय होतं ते नव्हे, का सांगणार नाही ते.

“खरी व्हती म्हणलं, तर हे म्हणतील माझ्या फोननं मिळाली. खोटी व्हती म्हणलं, तर म्हणतील अजून जोर लावायला पाहिजे व्हता,” ती म्हणाली. “मी गेल्यावर बी ह्या माणसाला फोनच आठवंल. त्यापरीस नको. सुई माझ्या दंडात टोचली, माझ्याजवळच राहू दे.”

गाडी आली. ती पुढं बसली, मी मागं. क्रांती चौकापाशी दाजींनी पुन्हा विचारलं. तिनं काचेतून बाहेर बघत त्यांना डावीकडच्या रिक्षावाल्याकडं लक्ष द्यायला सांगितलं.

ताई त्यानंतर सव्वा वर्षानं गेली. शेवटचे पंधरा दिवस ती घरीच होती. दिवस झाल्यावर दाजी एकटेच रुग्णालयात गेले. घरून निघताना मला सांगितलं नाही, आल्यावर सांगितलं. समन्वयक बाई त्याच होत्या. त्यांनी दाजींना बसवलं, पाणी दिलं. दाजींनी विचारलं की ती आता नाही, मी तिचा नवरा आहे, तिला काय मिळालं होतं ते मला कळू शकेल का.

बाईंनी कागद काढून बघितले आणि सांगितलं की ही माहिती आपल्या पश्चात घरच्या कुणालाही देऊ नये, असं त्या लिहून देऊन गेल्या आहेत. खाली सही होती. तारीख सुया बंद झाल्या तेव्हा डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं त्या दिवसाची होती.